मेख धरणाऱ्याची हाक

कोपरखारात ठमाबाईला लोक वकिलीण म्हणायचे. नवरा वकील होता म्हणून नव्हे. नवरा हिरामण, उन्हाळ्यात मिठागरात राबणारा, पावसात भातखाचर तुडवणारा, आणि तोही बिचारा ऐन उमेदीत गेला. नाव पडलं ते बाईच्या खोडीमुळं. कोणाला समन्स आलं, कोणाच्या घरी पोलीस येऊन गेला, की माणूस आधी ठमाबाईच्या ओट्यावर जाऊन बसायचा आणि मग अलिबागेची वाट धरायचा. ती सल्ला देत नसे. विचारत बसे. "तू काय बोललास? कोणापुढं बोललास? तुला काय विचारलं होतं?" विचारून विचारून समोरच्याचा जीव नकोसा करी, पण उठताना त्याचं त्यालाच कळलेलं असे की आपलं घोडं कुठं अडलंय.

ही खोड जन्माची. लहानपणी मिठागराच्या कोंडीत, म्हणजे वाफ्यात, पाय सोडून बसायची आणि बापाला विचारायची, पाणी खारट तर मग मीठ तळाला का बसतं, वर का धरत न्हाय? बाप म्हणायचा, "गप. मीठ खावं, मिठाला इचारू नये." लग्न होऊन कोपरखारात आली तर सासू भेटली गोदू. गोदूचं म्हणणं असं की सुनेनं दिवसातून एकदा 'का' म्हणावं, तेही जेवायला बोलावल्यावर. दोघींचं जमणार कसं? पण हिरामणला बायकोच्या प्रश्नांची गंमत वाटायची. रात्री अंथरुणावर पडला की म्हणायचा, "हं, काढ आजचे." आणि ती काढायची. त्या माणसाचं तिच्यावर फार प्रेम होतं, आणि तिचं त्याच्यावर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं कोर्टात तिनं जे केलं ते ऐकून पुष्कळांनी नाकं मुरडली.

आता कोपरखार कसं आहे ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धरमतरची खाडी एका अंगाला, गावाची भातशेती दुसऱ्या अंगाला, आणि मधे मातीचा बांध. शेत खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. म्हणजे भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं तर डाव्या हाताला पाणी आणि उजव्या हाताला, त्याच्याहून खोल, भात. त्या बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं त्या शेतात गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून बांध फुटल्याची आरोळी आली की गाव ताटावरून उठतं. भाऊबंदकी, रुसवे, उष्टं-खरकटं, सगळं जागच्या जागी ठेवून माणसं पळतात.

खांड बुजवायची रीत अशी. पाण्यात दोन रांगा मेखा ठोकायच्या, माणसाच्या उंचीच्या, आणि दोन्ही रांगांच्या मधे पेंढा आणि चिखल भरायचा. मेख ठोकायला दोघं लागतात. एक जण कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मेखेला मिठी मारतो, नाहीतर पाण्याची ओढ तिला घेऊन जाते. दुसरा बांधावरून लाकडी मोगर हाणतो. मोगर मोठा, लांब दांड्याचा. तो येतो तो धरणाऱ्याच्या डोक्याच्या वीतभर अंतरावरून. म्हणून कोपरखारात पिढ्यान्पिढ्या एक नेम होता: मोगर कोणी मारायचा हे मेख धरणारा ठरवतो. पाण्यात उतरला की तो ज्याला हाक मारील त्यानं हातातलं काम टाकून यायचं. डोकं ज्याचं, निवड त्याची. इतकं रोकडं.

आणि दुसरा नेम त्याच्या पोटातला. असं करताना कोणी दगावलाच, तर ज्याच्या हातून गेला त्यानं आपलं फावडं मेलेल्याच्या उंबऱ्याशी उभं करायचं आणि म्हणायचं, "तुमचा माणूस माझ्या हातून गेला. आता या घराचा बांध माझा." तिथून पुढं त्या घरची नांगरणी, पेरणी, पोरींची लग्नं, सगळं त्याच्या घराच्या अंगावर, तो मेला तर त्याच्या भावांच्या अंगावर. मात्र एक गोष्ट गावानं गिळायची. 'त्यानंच हाक मारून बोलावलं होतं' हे पुन्हा कोणी तोंडातून काढायचं नाही. काढलं की मरण मेलेल्याच्याच माथ्यावर गेलं, आणि मारणारा मोकळा. मग फावडं परत.

सन सत्तावीसच्या भाद्रपदात, अवसेच्या उधाणाला, उघाडीशेजारी खांड पडली. उघाडी म्हणजे बांधातलं दार, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. त्या उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायच्या पाळ्या ठरलेल्या असत, आणि त्याच पाळीवरून हिरामणचं आणि भागोजीचं त्या आधी चांगलंच वाजलेलं. भागोजी त्याचा भावकीतला, शेजारच्या आळीतला. हिरामणच्या पाळीला त्यानं जाळं लावलं, हिरामणनं जाळ्याचा दोर कापला, आणि देवळापुढं सगळ्या गावादेखत भागोजी म्हणाला, "एक दिवस तुझं डोकं फोडीन." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता डोकं फोडीन हे आमच्याकडे आई लेकरालाही म्हणते, नवरा बैलालाही म्हणतो. त्या हिशेबानं कोपरखारात एकही डोकं शाबूत राहिलं नसतं. पण म्हणाला होता, हे खरं.

उधाण भर दुपारचं होतं. ठमाबाई चिखलाच्या पाट्या वाहत होती. हिरामण मेख घेऊन पाण्यात उतरला, मेखेला मिठी मारली, आणि मान वर करून त्यानं हाक मारली, "भागोजी, ये." बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला भागोजी पेंढा तोडत होता. तो कोयता टाकून आला. ठमाबाईला नवल वाटलं. ज्याच्याशी बोलत नाही त्याला हाक कशी मारली? आज रात्री विचारीन, असं तिनं मनात म्हटलं आणि पाटी ओतायला वाकली. मोगराचे ठोके कानावर पडले, एक, दोन, मग आणखी. मग एक वेगळाच आवाज आला. तिनं वर बघितलं तेव्हा मेख होती आणि हिरामण नव्हता. भागोजी गुडघ्यावर बसून पाण्यात हात घालत होता.

खांड बुजली. गावाचं भात वाचलं. हिरामण वाचला नाही.

मसणातून लोक परतले तेव्हा भागोजी आला, फावडं उंबऱ्याशी उभं केलं, आणि म्हणायचं ते म्हणाला. गोदूनं रडत रडत पदर पुढं केला, म्हणजे मान्य. ठमाबाई दोन लहान पोरींना घेऊन आत बसली होती. तिला रडूही आलं नाही. रात्री विचारायचं ठेवलेलं तसंच पोटात राहिलं होतं, आणि उत्तर देणारा राहिला नव्हता.

माणूस असा मेला की पोलिसांना कळवावंच लागतं. फौजदार आला. त्यानं विचारलं, मोगर कोणी मारला? गाव म्हणालं, भागोजीनं. आधी भांडण होतं? होतं. काय बोलला होता? डोकं फोडीन. मग भागोजीला विचारलं, काय रे? भागोजी म्हणाला, "माझ्या हातून गेला." फौजदाराला तरी नावं कशाला ठेवा? वाढलेलं ताट समोर आलं, त्यानं जेवण केलं. अख्खं गाव खरं तेच बोललं होतं, आणि त्या खऱ्याखऱ्याचाच एक खून उभा राहिला.

भागोजीला बेड्या घालून नेलं तेव्हासुद्धा कोपरखार फारसं घाबरलं नाही. गावकीत कसं असतं, जो कबूल करतो त्याला देवापुढं नारळ द्यायला लावतात आणि सोडतात. जो नाकबूल जातो त्याची सालटी काढतात. कोर्ट म्हणजे मोठी गावकी, एवढीच आमची अक्कल. "कबूल केलंय ना, मग काय होतंय," असं म्हातारेकोतारे म्हणत राहिले. भागोजीनंही मॅजिस्ट्रेटपुढं तेच सांगितलं, एका शब्दाचा फरक न करता. त्याचे भाऊ इकडे ठमाबाईचं शेत कापत होते, भात झोडून देत होते. रीतीत कुठं उणं नव्हतं.

मग साक्षीचं समन्स घेऊन शिपाई आला. ठमाबाईनं सवयीनं विचारलं, "साक्ष दिल्यावर भागोजीला किती दंड होयाचा?"

शिपाई म्हणाला, "दंड? बाई, कलम तीनशे दोन आहे. फाशीचा खटला आहे हा."

ठमाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. कबूल केलं म्हणून फाशी? हे कुठलं उफराटं? तिला धास्ती वाटली हे तर खरंच, पण धास्तीच्या शेजारी तिची ती जुनी खाज उठून बसली. ज्या कायद्यानं कबूल करणारा लटकतो तो कायदा आतून असतो तरी कसा?

दोन दिवसांनी सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पाटी डोक्यावर घेऊन ती पोयनाडवरून कार्लेखिंड ओलांडून अलिबागेला गेली. भागोजीसाठी सरकारनं टिपणीस नावाचे वकील नेमलेत, एवढं तिला शिपायाकडून कळलं होतं. टिपणीस मूळचे चौलचे, कायस्थ, म्हणजे मासळीचे शौकीन. आणि कायस्थाच्या घरात वकिलाला भेटायचं तर पुढच्या दारानं पायरी झिजवावी लागते, सोडे घेऊन गेलं तर मागचं दार आपोआप उघडतं. वकिलीणबाई, म्हणजे खरीखुरी वकिलीणबाई, सोडे चिवडत बसल्या आणि ठमाबाई पडवीतल्या टिपणीसांपुढं जाऊन उभी राहिली.

"मी हिरामणच्या घरातली," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं अजून कधी घेतलं नव्हतं. इथंही ते तिच्या तोंडातून नीट निघालं नाही, 'हिर' एवढंच ऐकू आलं. पण टिपणीसांना कळलं. ते चष्मा काढून बघत राहिले. मेलेल्याची बायको आरोपीच्या वकिलाकडे आलेली त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी.

"बसा. काय पाहिजे?"

"त्यानं कबूल केलंय. मग फाशी का?"

टिपणीस मोठे सावकाश बोलणारे. म्हणाले, "माणूस मेला, हे सरकारकडे आहे. कोणाच्या हातून मेला, तेही आहे. पण एवढ्यानं खून होत नाही, बाई. मारणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय होतं, ते लागतं. जीव घ्यायचाच असं ठरवून मोगर हाणला असेल तर खून. एकाएकी डोकं फिरलं, भान राहिलं नाही, असं असेल तर मनुष्यवध खरा, पण खून नाही, तुरुंग होईल. आणि सरळ मनानं, सांभाळून काम करताना हात चुकला असेल, तर गुन्हाच नाही."

ठमाबाई विचारात पडली. "मोगर तोच, डोकं तेच. आणि त्याला तीन नावं?"

"तीन नावं. एक फासावर नेतं, एक तुरुंगात, एक घरी."

"पण मनातलं दिसतं कोणाला?"

"कोणालाच नाही. जज्जसाहेबांनाही नाही. म्हणून कोर्ट मनाच्या आजूबाजूला चाचपतं. आधी वैर होतं का, धमकी दिली होती का, हत्यार कोणी आणलं, तो तिथं आपण होऊन गेला की गाठ पडली. एवढं चाचपूनही संशय उरला, तर तो आरोपीच्या पदरात टाकायचा. सिद्ध सरकारनं करायचं असतं. आरोपी गप्प बसला तरी चालतं."

"आमच्याकडे देवापुढं शपथ घ्यायला लागते, मी केलं न्हाय म्हणून," ठमाबाई म्हणाली. तिला हे फारच चमत्कारिक वाटलं, आणि आवडलंही. ज्यानं बोट दाखवलं त्यानंच दाखवून द्यायचं. हे असं उलटं का कोणाला सुचलं असेल?

"गप्प बसला तर चालतं खरं," टिपणीस म्हणाले, "पण तुमचा भागोजी गप्पही धड बसत नाही. तुरुंगात जाऊन विचारलं, तर म्हणतो माझ्या हातून गेला. बरं, कसा गेला? तर तोंडाला कुलूप. वैर आहे, धमकी आहे, कबुली आहे. मी लढू कशावर, सोड्यांवर?"

ठमाबाई म्हणाली, "साहेब, फौजदारानं इचारलं मोगर कोणी मारला. मेख कोणी धरली तेपण इचारलं. बोलावलं कोणी, ते कोणी इचारलंच न्हाय. ते इचारायचं असतं का?"

"कोणाला बोलावलं?"

"मोगर मारायला."

टिपणीसांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "थांबा. पुढं बोलू नका. तुम्ही सरकारच्या साक्षीदार. मी तुम्हाला पढवलं असं उद्या कोणी म्हणता कामा नये. उत्तर मला नको. प्रश्न मी कोर्टात विचारीन, तेव्हा खरं असेल ते सांगा. नसेल खरं तर तसं सांगा."

आतून बाईंचा आवाज आला, सोडे घ्यायचेत की परत द्यायचेत. टिपणीस म्हणाले, सगळे घ्या.

घरी आली तर गोदू वाटच बघत होती. सुनेच्या चेहऱ्यावरूनच तिनं ओळखलं. म्हणाली, "हाकेचं बोलायचं न्हाय. माझ्या पोराचा जीव गेला, आता बोलपण त्याच्याच माथ्यावर ठेवतंस? आणि भागोजी मोकळा झाला तर या पोरींच्या तोंडात कोण घास घालणार हाय? त्याला लटकवला तरी त्याचे भाऊ हायेत. रीत चालू राहील."

म्हातारी वाईट नव्हती. पोटचा गोळा गेला की माणूस उरलेलं धरून ठेवतं. आणि ती बोलत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती. गप्प बसलं तर भागोजी फासावर जाईल, पण हिरामणचं नाव स्वच्छ आणि पोरींचं पोट भरलेलं. बोललं तर भागोजी कदाचित सुटेल, आणि हे घर उघडं पडेल. इकडे आड तिकडे विहीर, आणि या दोहोंच्या तळाशी ठमाबाईला खरं खाणारी गोष्ट तिसरीच. ती वाकली होती. तिनं तो ठोका बघितलाच नव्हता. त्या शेवटच्या मोगरात काय होतं, चिखलावरून घसरलेला पाय की कापलेल्या जाळ्याचा राग? बोलून आपण निरपराध्याला सोडवतोय की नवऱ्याच्या मारेकऱ्याला, हे तिला कळत नव्हतं. रात्ररात्र तिला त्याचीच भीती वाटायची.

सेशन कोर्ट बसलं. जज्जसाहेब उंचावर, बाजूला असेसर म्हणून बोलावलेले गावोगावचे तीन-चार गृहस्थ. सगळं ऐकून खून की नाही याचं आपलं मत त्यांनी सांगायचं, जज्जांनी ते ऐकायचं, मानलंच पाहिजे असं नाही. पिंजऱ्यात भागोजी, निम्मा झालेला. कोपरखारचे साक्षीदार एकामागून एक आले आणि फौजदाराला सांगितलेलंच सांगून गेले. भांडण होतं. म्हणाला होता. त्यानंच मारला. ठमाबाईनंही सरकारी वकिलाला तेच सांगितलं. मग टिपणीस उठले.

"मेख कोणी धरली होती?"

"घरच्यांनी."

"त्या वेळी भागोजी कुठं होता?"

"बांधाच्या दुसऱ्या टोकाला. पेंढा तोडीत होता."

"मग मोगर मारायला तो आला कसा? आपण होऊन आला, की कोणी बोलावलं?"

मागं बसलेलं कोपरखार जमिनीकडे बघायला लागलं. ठमाबाईनं पिंजऱ्याकडे बघितलं. इतका वेळ मान खाली घालून उभा असलेला भागोजी तिच्याकडेच बघत होता, आणि मान हलवत होता. न्हाय. सांगू नको. फास डोळ्यांपुढं असताना हा माणूस तिच्या घराचा बांध धरून उभा होता. की पाप केलं म्हणून फेडत होता? तेही तिला कळेना.

"घरच्यांनी हाक मारली," ती म्हणाली.

जज्जांनी शिरस्तेदाराकडे बघितलं. शिरस्तेदार म्हणाला, "घरच्यांनी म्हणजे कोणी? नाव सांगा."

कोर्टात नाव घ्यावं लागतं. तिनं डोळे मिटले. "हिरामणनं," ती म्हणाली. "हिरामणनं हाक मारली. 'भागोजी, ये' अशी."

"त्या दोघांचं बोलणं बंद होतं ना?"

"व्हय. भांडणापासून."

"तरी त्यालाच बोलावलं?"

"धरणारा बोलावतो. डोकं त्याचं असतं, म्हणून. ज्याच्या हाताचा भरवसा त्याला बोलावतो."

"शेवटचा ठोका तुम्ही पाहिलात?"

"न्हाय. मी वाकले होते."

"भागोजीच्या मनात राग होता का?"

"मला ठावं न्हाय."

टिपणीस खाली बसले. जज्जसाहेबांनी मात्र तिला जाऊ दिलं नाही. ही गोष्ट आजवर कोणीच का सांगितली नाही, असं त्यांनी विचारलं. मग ठमाबाईनं फावड्याची रीत सांगितली, पहिल्यापासून, उंबऱ्याशी म्हणायच्या शब्दांसकट. त्या शब्दांवर जज्जसाहेबांनी मान वर केली. मॅजिस्ट्रेटच्या कागदात कबुली म्हणून तेच शब्द होते. "आणि आता तुम्ही सांगितलंत, तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"आता तो सुटला, साहेब," ठमाबाई म्हणाली. "आमच्याकडनं सुटला. तुमच्याकडनं काय ते तुम्ही बघा."

असेसरांनी खून नाही म्हणून सांगितलं. जज्जसाहेबही त्याच मताला आले. हात चुकल्याचा संशय पुरेसा आहे, आणि संशय आरोपीचा. भागोजीला सोडलं.

घरी आल्यावर तिनं पहिलं काम केलं ते उंबऱ्याशी उभं असलेलं फावडं उचलायचं. भागोजीच्या अंगणात नेऊन ठेवलं. तो ओट्यावर बसला होता. रीत संपली.

मग ते वर्ष. ते वर्ष तिला पुढं आठवायलाही आवडत नसे. गोदू एका चुलीवर जेवायची पण सुनेशी बोलायची नाही. लेकावर बोल ठेवणारी म्हणून बायका पाणवठ्यावर तिला जागा करून देत, म्हणजे लांब सरकत. ती मिठागरात कामाला जायची, पोरींना पेज पाजायची. भागोजी समोरून आला तर वाट सोडून खाचरात उतरायचा. त्याचीही गत काही बरी नव्हती. कोर्टानं सोडलं होतं, पण कोर्टानं सोडलेलं आणि गावानं सोडलेलं सारखं नसतं. बांधाची लहानसहान कामं निघत, मेखा ठोकल्या जात. भागोजीला हाक कोणी मारत नव्हतं. गावातला सर्वांत नेमका हात, आणि तो पेंढा तोडायचा. शंका कोणी बोलून दाखवली नाही, पण ठमाबाईच्या पोटात होती तीच सगळ्यांच्या पोटात होती. अशातही लोक तिच्याकडे समन्स घेऊन यायला लागले, हे त्यातल्या त्यात नवल. तोंडानं नावं ठेवायची आणि अडलं की ओट्यावर येऊन बसायचं. गाव म्हणजे असंच.

पुढच्या श्रावणात पुनवेचं उधाण आलं आणि बांध त्याच जागी फुटला. त्याच उघाडीशेजारी. दुपारच्या वेळी गाव पुन्हा धावलं. पण वर्षापूर्वीचं कोणी विसरलं नव्हतं. जो तो चिखल टाकायला पुढं, पाण्यात मेख धरायला कोणी उतरेना. एक जण उतरला, त्यानं आपल्या भावाला हाक मारली. भावाचे दोन ठोके मेखेच्या कडेला बसले, मेख वाकडी झाली, दोघंही वर आले. खांड रुंदावत चालली. पाणी पहिल्या खाचरात शिरलं, आणि भाताची पाती त्यात आडवी होताना सगळ्यांना दिसली.

ठमाबाईनं पाटी खाली ठेवली. लुगडं खोचलं, मेख उचलली, आणि बाईमाणूस कधी उतरत नाही त्या खांडीत कमरेइतकी उतरली. कोणी काही बोलायच्या आत तिनं मेखेला मिठी मारली आणि वर बघून हाक मारली, "भागोजी, ये."

बांधावर सगळे हात थांबले. दुसऱ्या टोकाला भागोजी कोयता हातात घेऊन उभाच राहिला. तिनं पुन्हा हाक मारली नाही. एकदाच मारायची असते. मग तो आला. त्यानं मोगर उचलला.

मेख धरणारा मोगर खाली येताना डोळे मिटून घेतो, मान आत ओढतो. ठमाबाईनं मान वरच ठेवली. तिला बघायचं होतं. हिरामणला त्या दुपारी शेवटचं जे दिसलं असेल ते तिला बघायचं होतं. ना तिनं बघितलं होतं, ना गावानं, ना कोर्टानं. मोगर वर गेला. भागोजीचा चेहरा रडवेला झाला होता, पण डोळे तिच्यावर नव्हते. डोळे मेखेच्या माथ्यावर होते. फक्त मेखेच्या माथ्यावर, सुईत दोरा ओवणाऱ्याचे असतात तसे. असा बघणारा माणूस डोकं बघतच नाही, हे तिला कळलं, आणि हिरामणनं याच्याशी बोलत नसताना यालाच का बोलावलं तेही कळलं.

ठोका बरोबर माथ्यावर बसला. मग दुसरा, तिसरा. मेख हातभर खाली गेली आणि घट्ट झाली. ठमाबाईनं मिठी सोडली, तोंडावरचं खारं पाणी पुसलं, आणि दुसरी मेख घ्यायला हात वर केला. तिच्या हातात ती मेख दिली गोदूनं.